परतीचं चाक

१

भागवतच्या दुकानावर पाटी होती शिलाई मशीन दुरुस्तीची, पण त्या पाटीवर गावानं कधी विश्वास ठेवला नाही. आखाडा बाळापुरात जे जे बंद पडेल ते नांदेड रस्त्यावरच्या त्या दुकानात येऊन पडायचं. फवारणीचा पंप, गिरणीचा बुश, लग्नातला ॲम्प्लिफायर, एकदा तर दवाखान्यातला वजनकाटा. भागवत कुणालाच नाही म्हणत नसे. वेळेवर देतही नसे, पण तो भाग वेगळा.

दुकानामागेच घर होतं आणि दोन्हींच्या मध्ये साखळीचं एक दार. संध्याकाळी शटर अर्धं खाली आलं की मिना त्या दारातून चहा घेऊन यायची आणि मग दोघं नवरा-बायको वर्षभर चाललेल्या त्या कामाला बसायचे. काम आणलं होतं भीमराज सरांनी. सर हिंगोलीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे आणि भागवतचे जुने स्नेही होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्य गुप्त निरोप पाठवायला जे यंत्र वापरायचं, त्याची आराखड्यावरून हुबेहूब नक्कल त्यांना कॉलेजच्या प्रदर्शनासाठी हवी होती. "दिसायला सारखी नको, भागवतराव. चालायला सारखी पाहिजे," असं सर म्हणाले आणि भागवतला जे हवं होतं तेच त्यांनी म्हटलं.

दिसायला ते यंत्र टाइपरायटरचा सख्खा भाऊ. पण टाइपरायटर दाबाल ते अक्षर उमटवतो आणि हे यंत्र दाबाल ते अक्षर सोडून दुसरं कुठलंही देतं. कळ दाबली की आधी उजवीकडचं चाक एक दाता पुढं सरकतं, मग वीज निघते. चाकाच्या एका अंगाला पितळेच्या टिकल्या, दुसऱ्या अंगाला स्प्रिंगवर डोलणाऱ्या टाचण्या, आणि पोटात सव्वीस तारा आडव्यातिडव्या. अशी तीन चाकं एका आसावर शेजारीशेजारी. वीज या तिन्हींतून वाट बदलत बदलत जाते आणि शेवटी एका न फिरणाऱ्या चाकाला धडकते. ते चाक तिला माघारी पाठवतं, पण आल्या वाटेनं नाही. ती दुसऱ्याच तारांनी परत येते आणि कुठल्या तरी अक्षराखालचा दिवा लागतो. तीच कळ पुन्हा दाबा, चाक सरकलेलं असतं, सगळ्या वाटा बदललेल्या असतात आणि दिवा तिसराच लागतो.

त्या न फिरणाऱ्या चाकावर भागवत भाळला होता. तो त्याला परतीचं चाक म्हणायचा. कारण त्या एका चाकानं सगळी गंमत केली होती. 'बी' दाबून 'के'चा दिवा लागला, तर चाकं पुन्हा त्याच जागी आणून 'के' दाबा, 'बी' लागणारच. कुलूप तेच आणि किल्लीही तीच. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा कागदावर काढलं असेल त्याचे हात धरावेत असं त्याला वाटे. युद्धासाठी काढलं हे वाईट, पण डोकं मात्र काय डोकं.

चाकांच्या पोटातल्या तारा मिनानं जोडल्या होत्या. भागवतला चाळिशीचा चष्मा लागला होता आणि तिची बोटं पिको-फॉलच्या कामानं तयार झालेली. सोल्डरचा थेंब ती असा सोडायची की भागवत हातातलं काम ठेवून बघत राही. कुठली तार कुठं जाते हे तिला तोंडपाठ होतं.

"जे दाबलं ते कधीच लागत न्हाई?" तिनं एकदा विचारलं.

"कधीच न्हाई. दुसरं काही बी लागंल, ते सोडून."

"मंग हे यंत्र आमच्यासारखंच हाये," मिना हसून म्हणाली. "सगळ्यायचं नाव घ्यायचं, एकाचं सोडून."

खरंच होतं ते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मिनानं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. तिच्या माहेरची कडक रीत. बँकेत साहेबानं विचारलं तर ती आधार कार्ड पुढं सरकवायची. भागवत चिडवायचा की मी हरवलो तर पोलिसात काय सांगशील, तर म्हणायची, तुमी हरवूच नगा.

२

खंडेनवमीला भागवतच्या दुकानातली सगळी हत्यारं घासूनपुसून एका चादरीवर मांडली जायची. पकडी, कानशी, ड्रिल, लेथला तर झेंडूचा हारच. हळदकुंकू लागलं की शिलंगण होऊन दुसरा दिवस उजाडेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. वर्षभर राबणाऱ्याला तेवढी विश्रांती द्यायची, ही रीत भागवतही पाळायचा. त्या वर्षी यंत्र नेमकं आदल्या संध्याकाळी पुरं झालं होतं. तेही चादरीवर बसलं, कळांवर कुंकवाची बोटं घेऊन.

दसऱ्याच्या दुपारी टोपी घालून भागवत शिलंगणाला निघाला. रस्त्यावरून आळीतल्या लोकांनी हाक मारली. दारापर्यंत गेलेला तो माघारी वळला. वर्षभर राबून केलेली गोष्ट समोर बसलेली, आणि तिला धड एकदा दाबूनही पाहिलेलं नाही, हे त्याच्यानं सोसवेना.

"आज हत्यार धरू नगा," मिना औक्षणाचं ताट घासत होती, ती म्हणाली.

"धरून कुठं राहिलो? एकच कळ."

दुरुस्तीला आलेल्या कुठल्याही टाइपरायटरवर तो आधी आपल्या नावाचं पहिलं अक्षर दाबून बघायचा. त्याच सवयीनं त्यानं 'बी' दाबली. खिट्टी टक्कन उचलली, चाक एक दाता सरकलं आणि असं हलकं बसलं की भागवतच्या अंगावर काटा आला. दिवा लागला, पण त्याची नजर चाकावर होती. दिवा बघितला तो मिनानं. बाहेरून पुन्हा हाक आली आणि तो गेला.

त्यांच्या आळीतले लोक शिलंगणाला पुलावरून ओढ्यापलीकडे जायचे. तिथं गावाची शीव संपते. देवीच्या देवळापाशी आपट्याची पानं घ्यायची आणि घरी यायचं ते पुलावरून नाही, तर शेतांमधल्या अरुंद पांदणीनं. जायची वाट आणि यायची वाट एक नको, असं जुने लोक सांगत. यंत्र करताना भागवतला याची आठवण होऊन गंमत वाटली होती. परतीच्या चाकालाही तीच रीत ठाऊक होती.

येताना पांदणीत त्याच्या चपलेचा अंगठा निसटला म्हणून तो थांबला. सरळ उभा राहिला तेव्हा पुढं गेलेल्या माणसांचं बोलणं त्याला मागून ऐकू आलं. क्षणभरच. कडेच्या बोरीबाभळीत आवाज घुमतो, हे त्याला माहीत होतं. तो झपाझपा चालून त्यांच्यात मिसळला.

दारात मिना ताट घेऊन उभी होती. तिनं दिवा उजवीकडून डावीकडे नेला आणि मध्येच तिचा हात थांबला. ती त्याच्याकडे बघत राहिली. वाऱ्यानं दिवा विझेल असं वाटलं, तेवढ्यात तिनं ओवाळणं पुरं केलं, अक्षता टाकल्या आणि बाजूला सरली.

"या, भागवत," ती म्हणाली.

३

त्याला वाटलं, चेष्टा करतेय. सणावाराला बायका करतात. तो हसला, पण ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली, "भागवत, च्या झाला." परवा, तेरवा, रोज. कुठं अडखळणं नाही, लाजणं नाही. गिऱ्हाइकाला हाक मारावी तसं सरळ, स्वच्छ नाव. आपलं नाव तिच्या आवाजात कसं ऐकू येईल याचं भागवतला लग्नाच्या सुरुवातीला फार कुतूहल होतं. आता ते ऐकू आलं की पाठीतून थंड काहीतरी उतरत जायचं. एखाद्या माणसानं बायकोचं असं भय घ्यावं, हे कुणाला सांगायचीही लाज.

नावापुरतं असतं तर त्यानं कसंबसं गिळलं असतं. पण ती त्याच्यासमोर डोक्यावर पदर घ्यायला लागली. जेवायला वाढताना पाहुण्यांसाठीचं मोठं ताट काढायची, "आनखी घ्या," म्हणायची, तो जेवून उठेपर्यंत स्वतः बसायची नाही. "कंबर दुखून राहिली," म्हणून तिनं अंथरूण स्वयंपाकघरात नेलं. आणि दुकानात येताना ती दाराची साखळी वाजवायला लागली. आधी पावलं यायची, दारापलीकडे थांबायची, मग साखळी दोनदा वाजायची, मग ती आत. हे सगळ्यात वाईट होतं. भागवत काम थांबवून त्या पावलांची वाट बघायचा, आणि ती थांबली की त्याचा श्वासही थांबायचा.

खंडेनवमीचा नेम मोडला म्हणून रागावली असेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली. कारण यंत्राला ती कुणालाच हात लावू देत नव्हती. चादरीवरची बाकीची हत्यारं कामाला लागली, पण यंत्रावर तिनं आपलं जुनं लुगडं झाकलं होतं.

"त्याला हलवू नगा, भागवत. चाक हाये तिथंच ऱ्हाऊ द्या."

"काहून?"

ती पदर सारखा करून आत गेली.

भागवत स्वभावानं हिशेबी होता. बंद पडलेल्या वस्तूत एक दोष शोधायचा, तो सापडला की बाकीचं आपोआप उलगडतं, हे त्याचं शास्त्र. पण इथं दोष एका जागी राहत नव्हता. एकदा कानस हातात धरली तर तिची मूठ बोटांना लागेना. ती मूठ त्याच्याच हातानं वर्षानुवर्षं झिजलेली, अंगठ्याची खळगी पडलेली. आता अंगठा त्या खळगीच्या शेजारी बसत होता. हात सुजला असेल, म्हणून त्यानं दोन्ही हात शेजारी धरून पाहिले. सुजलेला नव्हता. चपलाही टाचेला नको त्या बाजूनं झिजल्यासारख्या वाटत होत्या. त्यानं त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि पुन्हा पायात घातल्या. माणसाचं एकदा मन बिघडलं की त्याला चपलेतही खोट दिसते, असं म्हणून तो स्वतःवरच चिडला.

४

दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी भीमराज सर नागपूरला गेले होते. तिथून पुढं मुलीकडे राहून ते परतले आणि हिंगोलीहून थेट दुकानात आले. यंत्र पाहायला त्यांचा जीव टांगला होता. लुगडं बाजूला होताच ते बराच वेळ नुसते चाकांच्या कडेनं बोट फिरवत राहिले, न टेकवता.

"भागवतराव, हे तुम्ही केलंत?"

"तारा हिनं जोडल्या."

"वहिनी, हात जोडतो तुम्हाला," सर म्हणाले आणि त्यांनी खरंच हात जोडले. मग कळेकडे बोट नेलं, तोच मिना मध्ये आली.

"आज न्हाई, सर. पाया पडते. उद्या न्या, मंग काय करायचं ते करा. आजच्या दिवस ऱ्हाऊ द्या."

तिचा चेहरा बघून सरांनी हात मागं घेतला. चहा पिताना मात्र ते थांबेनात. या यंत्राचा सगळ्यात मोठा गुण तोच त्याचा दोष होता, असं ते सांगत होते. अक्षर कधीच स्वतः होऊन परत येत नाही. शत्रूला एवढं कळलं आणि त्याच फटीतून त्यानं पुढं यंत्र फोडलं.

"म्हणजे बघा, आत गेलं ते बाहेर येतं, पण तेच येत नाही," सर म्हणाले. "बाकी कुणीही येईल."

मिना आत होती. भागवतनं बशी खाली ठेवली.

"सर, ही मला नावानं हाक मारून राहिली."

"मग बिघडलं काय? जमाना बदलला, भागवतराव. आमची तर लग्नाच्या आधीपासून मारते." सर मनापासून हसले. मग त्यांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तुमची तब्येत बरी आहे ना? चेहरा वेगळाच दिसतोय."

उद्या सकाळी गाडी घेऊन येतो, असं सांगून सर गेले. भागवत तसाच बसून राहिला. त्या दुपारी त्यानं कळ दाबली तेव्हा मिना समोर उभी होती. दिव्याचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता. तो घरी आला तेव्हा दारात कोण होतं?

विचार इतका वेडगळ होता की एरवी त्यानंच कुणाला तरी तो सांगून हसवलं असतं. पण तो मनातून जाईना. उद्या यंत्र जाणार, चाकं फिरणार, आणि दसऱ्याला ती चाकं ज्या जागी होती ती जागा पुन्हा सापडणार नाही. आणि त्याची मिना, सोल्डर करताना जिभेचं टोक दातात धरणारी, तुमी हरवूच नगा म्हणणारी, तीही कधी सापडणार नाही. ते त्याला सहन होण्यासारखं नव्हतं.

त्यानं तिला पारखून पाहायचं ठरवलं. ती भांडी लावत होती. लग्नात कुणाचं पाकीट हरवलं, पहिली शिलाई मशीन कुणाकडून घेतली, सिद्धेश्वरच्या धरणावर कोण घसरून पडलं, असं तो गप्पांच्या ओघात विचारत गेला. तिनं सगळं बरोबर सांगितलं. मग तिनं विचारलं, अगदी हळू.

"सोल्डर करताना माझं बोट भाजलं व्हतं. कोन्तं?"

"डाव्या हाताचं. अंगठ्याजवळचं."

मिनानं आपले दोन्ही हात त्याच्यासमोर धरले. डाग उजव्या हातावर होता. जुना, पांढरा पडलेला. भागवतनं त्या बोटाला स्वतः हळद लावली होती, डाव्या. हे तो झोपेतही विसरला नसता.

स्वयंपाकघरात पाण्याचा नळ टपटपत होता. भागवतला पुरावा सापडला होता. आणि मिनाच्या डोळ्यांकडे पाहून त्याला वाटलं की तिलाही काहीतरी सापडलं होतं.

५

दिवस कलला तेव्हा त्यानं दुकानाचं शटर पूर्ण खाली ओढलं आणि यंत्रावरचं लुगडं काढलं. काय करायचं ते साधं होतं. चाक एक दाता मागं घ्यायचं, म्हणजे कळ दाबताच ते त्या दिवसाच्या जागी येईल. मग त्या दिवशी जो दिवा लागला त्या अक्षराची कळ दाबायची. फक्त दिवा कुठला, हे त्याला माहीत नव्हतं.

दारापलीकडे पावलं आली आणि थांबली. साखळी दोनदा वाजली.

"ये," तो म्हणाला.

ती आली. उघडं यंत्र पाहून तिनं काही विचारलं नाही. भिंतीशी टेकून खाली बसली.

"त्या रोजी कोन्ता दिवा लागला व्हता?"

"के," ती लगेच म्हणाली. जणू इतके दिवस ती याच प्रश्नाची वाट पाहत होती.

भागवत तिच्याकडे वळला. "तू माझी मिना न्हाईस."

"व्हय," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज सरळ होता. "मी तुमची न्हाई."

इतक्या दिवसांची भीती खरी ठरली आणि त्याला आधी सुटल्यासारखंच वाटलं. तो यंत्राकडे वळला. तेव्हा ती पुढं बोलली.

"पर मी माझ्याच घरात हाव, भागवत. ह्या तारा म्या जोडल्या. हे दार माझं हाये. त्या रोजी मी उंबऱ्याच्या भाईर पाऊल न्हाई टाकलं." ती थांबली. "शिलंगणाला तुमी गेल्ते."

समोर कानस पडली होती. त्यानं ती उचलली. अंगठा खळगीच्या शेजारी बसला. त्यानं तो सरकवून खळगीत घालायचा प्रयत्न केला, पुन्हा केला, आणि मग कानस सावकाश खाली ठेवली.

"तुला कवा कळलं?"

"ववाळतानी. उजेड तोंडावर पडला तवाच." तिनं पदरानं डोळे पुसले. "लई वाईट वाटलं. तुमी किती हासत आल्ते. तुमाला कसं सांगू, कळंना. घराचं मानूस म्हनून ऱ्हाऊ देता येईना, आन् भाईर तरी कसं काढावं? तुमी बी कोनाचे तरी हाव. मंग पाव्हन्यावानी ठेवलं. आन् ह्या चाकाला कोनाला हात लावू दिला न्हाई. मला वाटलं, तुमी तरी एवढे हुशार, एक न् एक दिवस तुमालाच कळंल."

परक्या पुरुषाचं नाव घ्यायला तिला कसलीच आडकाठी नव्हती. नाव घ्यायचं नाही ते एकाचंच.

भागवत तिच्याकडे बघत राहिला. तिच्या जागी तो असता तर त्यानं गाव गोळा केलं असतं, देवऋषी आणला असता, यंत्रावर घण घातला असता. हिनं चहा केला, ताट वाढलं, वेळेवर साखळी वाजवली आणि मनातल्या मनात ते सगळं यंत्र तारेतारेनं सोडवत बसली. असल्या बाईचा नवरा असणं ही काय चीज होती, हे त्याला त्या घडीला जितकं उमगलं तितकं आधी कधी उमगलं नव्हतं. आणि तो तिचा नवरा नव्हता.

"एक इचारू?" ती म्हणाली. "ते कवा येतील?"

त्यानं यंत्राकडे पाहिलं. "मी गेलो तर."

"मंग तुमी कुठं जासाल?"

"ज्या वाटेनं आलो त्या वाटेनं."

"तिथंबी एक असंल," मिना हळूच म्हणाली. "तिच्या घरातबी इतके रोज पाव्हना बसून असंल. तीबी कुनाला सांगू शकत नसंल."

त्याला ती दिसली. डाव्या बोटावर डाग असलेली. दारापलीकडे पावलं थांबवून, साखळीला हात लावून उभी. आत बसलेल्या कुणालातरी नावानं हाक मारायच्या आधी धीर गोळा करणारी.

६

त्यानं चाक एक दाता मागं घेतलं. चाकावरच्या छोट्या खिडकीत दिसणारं अक्षर मिनाकडून तपासून घेतलं. 'के' दाबली. खिट्टी उचलली, चाक सरकलं आणि जागेवर बसलं, असं हलकं की त्या वेळीही त्याला बरं वाटल्याशिवाय राहिलं नाही. 'बी'चा दिवा लागला. पिवळा, लहानसा, न फडफडणारा. त्याच्या हातून याहून चांगलं काम झालं नव्हतं. की त्याच्या हातून झालंच नव्हतं, हेही आता कसं सांगणार.

मिनानं फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून दिला. पाहुणा रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून. तो पुलावरून गेला, ओढा ओलांडला, देवळापाशी जरा वेळ बसला. कुणीच नव्हतं. अंधार पडायला लागला तेव्हा उठला आणि पांदणीला लागला.

अर्ध्या वाटेवर बोरीबाभळीच्या पलीकडून पावलं ऐकू आली. तीही गावाकडेच चालली होती, त्याच्या बरोबरीनं, बांधाच्या त्या अंगानं. एक चप्पल जरा फरफटत होती. भागवत थांबला, तर ती थांबली नाहीत. घाईनं पुढं गेली. झाडीच्या फटीतून त्याला फक्त एक पांढरी टोपी दिसली आणि खाली घातलेली मान, हातातलं काहीतरी जपत चालणाऱ्या माणसाची असते तशी. त्याला हाक मारावी असं वाटलं. पण मारायची ती हाक कुठल्या नावानं, हे सुचेना.

मग दूरवर, झाडीच्या त्या बाजूला, नुकताच निरोप घेतलेल्या मिनाचा आवाज आला. रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं, पण शब्द स्पष्ट होते.

"अहो! किती उशीर? कुठं गेल्ते तुमी?"

इतके दिवस 'अहो' हा शब्द ऐकायला भागवतचे कान आसुसले होते. तो ऐकू आला आणि तो त्याच्यासाठी नव्हता. त्या अंगाला कुठंतरी दार उघडल्याचा, भांडं पडल्याचा आवाज झाला, पिवळा उजेड झाडीवर हलला, आणि मग दार लागलं.

भागवत थोडा वेळ तिथंच उभा राहिला. भाकरीचं फडकं अजून कोमट होतं. मग तो चालू लागला. पांदण त्याला आठवत होती त्याहून बरीच लांब होती, आणि पुढं अजून कुठल्याच दारात दिवा दिसत नव्हता.